मुलाघचं पदक

श्रोतेहो, ‘हंगाम’ हा शब्द उच्चारला की आपल्या नगर जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी ऊस उभा राहतो. दिवाळी सरते, कारखान्यांची धुराडी धुरू लागतात, कोपींतून तोडणी कामगारांची बिऱ्हाडं उतरतात आणि रस्त्यावर बैलगाड्यांच्या रांगा लागतात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा १९५०-५१ चा पहिला हंगाम ज्यांनी पाहिला, ती माणसं त्याबद्दल घरातल्या लग्नाबद्दल बोलावं तशी बोलत. किती टन ऊस, किती पोती साखर, भाव काय मिळाला, सगळं तोंडपाठ.

आज मी तुम्हाला हंगामांबद्दलच सांगणार आहे, पण खेळाच्या. एक हंगाम सव्वादीडशे वर्षांहून जुना, दूर ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळ गड्यांचा. दुसरा अगदी अलीकडचा, आपण सर्वांनी पहाटे उठून पाहिलेला. या दोन्हींना जोडणारा धागा आपल्या संगमनेर तालुक्यातून जातो. आणि तिसरा एक हंगाम आहे, ज्याची कुठंही नोंद नाही. त्याचं शेवटी सांगतो.

प्रवरेच्या काठी आश्वी खुर्द नावाचं गाव आहे. तिथं ६ जून १९८८ रोजी अजिंक्य रहाणेचा जन्म झाला. घराण्याचं मूळ गाव चंदनापुरी, पुणे-नाशिक रस्त्यावर घाटाच्या पायथ्याशी. आता खरं सांगायचं तर त्याचं क्रिकेट घडलं ते डोंबिवलीत आणि मुंबईच्या मैदानांवर. श्रीरामपूरच्या झहीर खानलाही मुंबईच गाठावी लागली होती. तेव्हा ‘आमचा, आमचा’ म्हणताना आपण थोडं जपूनच म्हणावं. जन्म आपल्याकडे आणि मैदान दुसरीकडे, ही आपल्या जिल्ह्याची जुनी कहाणी आहे. पण नातू परगावी मोठा झाला म्हणून आजोळ काही कौतुक करायचं सोडत नाही.

डिसेंबर २०२० आठवा. करोनाची साथ होती. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात होता. ॲडलेडला गुलाबी चेंडूवर पहिली कसोटी झाली. पहिल्या डावात आपल्याला आघाडीही मिळाली होती. पण १९ डिसेंबरच्या सकाळी आपला दुसरा डाव ३६ धावांत संपला. एकाही फलंदाजाला दहा धावा करता आल्या नाहीत. १९७४ साली लॉर्ड्सवर झालेल्या ४२ धावांचा नीचांक आपण उगाळत बसलो होतो, तोही मागे पडला. त्याच सामन्यात मोहम्मद शमीचं मनगट मोडलं. कर्णधार विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतला. आणि उरलेला संघ रहाणेच्या हाती आला. पहिल्या डावात कोहली ७४ वर धावबाद झाला होता, तो रहाणेच्याच हाकेवर. म्हणजे ही जबाबदारी खांद्यावर आली तेव्हा मनावर ते ओझंही असणारच.

पुढची कसोटी मेलबर्नला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचा डाव १९५ वर आटोपला. उत्तरात रहाणेनं ११२ धावा केल्या. २२३ चेंडू खेळून, सबुरीनं. रवींद्र जडेजाबरोबर त्याची १२१ धावांची भागीदारी झाली. जडेजा ४९ वर होता, अर्धशतकाच्या एका धावेसाठी दोघं धावले आणि रहाणे धावबाद झाला. एखादा चिडला असता. यानं जाता जाता जडेजाच्या पाठीवर थाप मारली आणि ‘खेळत राहा’ अशा अर्थाची खूण केली. भारतानं सामना आठ गडी राखून जिंकला. रहाणे सामनावीर ठरला आणि त्याच्या गळ्यात एक पदक पडलं.

ते पदक त्या वर्षी पहिल्यांदाच देण्यात येत होतं. त्याचं नाव ‘मुलाघ पदक’. मी दूरचित्रवाणीवर ते पाहिलं आणि शाळामास्तराची खोड म्हणून विचारात पडलो, की हा मुलाघ कोण? ब्रॅडमन ठाऊक होता, मिलर, लिंडवॉल ठाऊक होते. मुलाघचं नाव कधी ऐकलं नव्हतं.

श्रोतेहो, त्यासाठी आपल्याला १८६० च्या सुमाराच्या व्हिक्टोरिया प्रांतात जायला हवं. मेलबर्नच्या पश्चिमेला दूरवर हॅरो नावाचं छोटं गाव आहे. भोवती मैलोन्मैल मेंढ्यांची कुरणं. ही जमीन मूळची तिथल्या आदिवासींची, जर्दवादजली लोकांची. गोऱ्यांनी ती घेतली आणि तिथल्या पोरांना आपल्याच जमिनीवर मेंढ्यांमागे गडी म्हणून राबावं लागलं. त्यांतलाच एक उनारिमिन. तो ज्या कुरणावर वाढला त्याचं नाव मुलाघ, म्हणून गोऱ्यांनी त्याला म्हटलं जॉनी मुलाघ. फावल्या वेळात मालकांच्या मुलांबरोबर तो क्रिकेट शिकला. आसपासच्या कुरणांवरचे असेच आणखी गडी जमले आणि आदिवासींचा एक संघ उभा राहिला.

या संघाला तयार करायला १८६६ साली जो माणूस गेला, त्याचं नाव टॉम विल्स. हा त्या काळचा ऑस्ट्रेलियातला नामांकित क्रिकेटपटू, इंग्लंडातल्या रग्बी शाळेत शिकून आलेला. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात अंगं सुटू देऊ नयेत, त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढावा, असं पत्र त्यानं जुलै १८५८ मध्ये वर्तमानपत्राला लिहिलं. पुढच्या मे महिन्यात त्यानं आणि मित्रांनी मिळून नियम लिहून काढले. त्यातून ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल जन्मला. अंडाकृती चेंडू, दोन्हीकडे अठरा-अठरा गडी आणि मैदान क्रिकेटचंच. आजही तिथल्या गावागावांत असा एक क्लब असतो. उन्हाळ्यात त्या मैदानावर क्रिकेट, हिवाळ्यात फुटबॉल. एखाद्या वर्षी गावानं बाजी मारली तर तो हंगाम तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आपल्याकडे कारखान्याचा पहिला हंगाम सांगतात तसा.

विल्सची गोष्ट इथं थोडी थांबून ऐकण्यासारखी आहे. ऑक्टोबर १८६१ मध्ये क्वीन्सलंडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात त्याचे वडील आणि आणखी अठरा माणसं मारली गेली. त्याचा सूड म्हणून गोऱ्यांनी कितीतरी आदिवासींना ठार केलं. इतकं रक्त सांडलेलं असताना पाच वर्षांनी हाच विल्स आदिवासींच्या संघाला शिकवायला गेला आणि २६ डिसेंबर १८६६ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, मेलबर्नच्या मैदानावर त्यांचा कर्णधार म्हणून उतरला. सामना ते हरले, पण हजारो लोक पाहायला आले होते. विल्सच्या मनात काय होतं, यावर तिकडचे अभ्यासक अजून वाद घालतात. माणसाच्या मनाचा हिशेब एका रकान्यात बसत नाही, एवढंच आपण म्हणू.

पुढं एका ठेकेदारानं दौऱ्याच्या पैशांत घोळ घातला, काही खेळाडू आजारानं दगावले. तरी चार्ल्स लॉरेन्स नावाच्या इंग्रज खेळाडूनं संघ पुन्हा बांधला आणि ८ फेब्रुवारी १८६८ रोजी तेरा आदिवासी खेळाडू सिडनीहून जहाजानं इंग्लंडला निघाले. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला हा पहिला क्रिकेट संघ. पहिली कसोटी व्हायला अजून नऊ वर्षं होती. आपल्याकडून पारशांचा पहिला संघ विलायतेला गेला तो १८८६ साली, म्हणजे यांच्यानंतर अठरा वर्षांनी.

मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्यांनी ४७ सामने खेळले. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. आज इथं तर उद्या दुसऱ्या शहरात. खेळ संपला की लोकांच्या करमणुकीसाठी भाले आणि बूमरँग फेकून दाखवायचे. डिक-अ-डिक नावाचा खेळाडू हातात चिंचोळी ढाल घेऊन उभा राहायचा आणि लोकांना म्हणायचा, मारा चेंडू. फेकलेले चेंडू तो चुकवायचा किंवा अडवायचा. म्हणजे दिवसा खेळाडू आणि संध्याकाळी तमाशा, अशी त्यांची गत होती. किंग कोल नावाचा त्यांचा साथीदार २४ जून १८६८ रोजी लंडनच्या इस्पितळात वारला. त्याला तिथंच पुरलं आणि बाकीचे पुढच्या सामन्याला गेले.

यांची नावं तरी कशी! इंग्रजांना उच्चारता येईनात म्हणून ठेवलेली. एक ‘टू पेनी’, म्हणजे दोन पैशांचा. एक ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. एक ‘सनडाउन’, म्हणजे सूर्यास्त. आईबापांनी ठेवलेली नावं मागं राहिली आणि धावफलकावर ही चढली.

त्या हंगामात मुलाघनं १,६९८ धावा केल्या आणि २४५ गडी बाद केले. लॉर्ड्सवर त्यानं ७५ धावांची खेळी केली. त्या वेळची खेळपट्टी म्हणजे कुठं खड्डा तर कुठं गवत, तिथं पन्नास धावा म्हणजे पराक्रम मानत. हे सगळे आकडे आज आपल्याला सांगता येतात, कारण कुणीतरी ते लिहून ठेवले.

आणि परतल्यावर? १८६९ साली व्हिक्टोरियानं आदिवासींच्या ‘संरक्षणाचा’ कायदा केला. त्यांनी कुठं राहावं, कुठं काम करावं, हे सरकार ठरवू लागलं. संघ विस्कटला. मुलाघ हॅरोकडे परतला, कुरणांवर मजुरी करू लागला आणि गावच्या क्लबातून खेळत राहिला. १८७९ साली लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध व्हिक्टोरियाकडून तो एकदा खेळला, तेव्हा दुसऱ्या डावात सर्वाधिक ३६ धावा त्याच्याच होत्या. पण ॲप्सली गावच्या एका खाणावळवाल्यानं संघाच्या मुक्कामात त्याला इतरांबरोबर खोली न देता अंगणापलीकडची जागा दाखवली आणि वर अपमानाचे शब्द काढले. मुलाघनं ती जागा नाकारली. रात्र त्यानं उघड्यावर काढली. १८९१ मध्ये तो वारला. पुढची शंभरएक वर्षं हॅरोबाहेर त्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही.

हे वाचलं तेव्हा मला आपले पाळवणकर बाळू आठवले. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखता राखता, त्यांना सरावाला चेंडू टाकता टाकता तयार झाला. मग आपल्या हिंदू संघालाही तो हवासा वाटला. मैदानात त्याचा चेंडू सगळे झेलत, पण चहाची सुट्टी झाली की त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात याच बाळूंनी ११४ गडी बाद केले. तेव्हा ॲप्सलीच्या खाणावळवाल्याला नावं ठेवताना आपण आपल्या ओसरीकडेही पाहावं.

तर अशा मुलाघच्या नावाचं पदक १५२ वर्षांनी घडवलं गेलं. १८६८ च्या संघाच्या कमरपट्ट्याचं जे बक्कल होतं, त्याच्या नमुन्यावर. आणि ज्या मैदानावर १८६६ साली त्या गड्यांनी नाताळच्या दुसऱ्या दिवशी सामना सुरू केला, त्याच मैदानावर, तशाच सामन्यात, ते पहिल्यांदा मिळालं आश्वी खुर्दला जन्मलेल्या खेळाडूला.

पदक देऊन माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. पुढच्याच सामन्यात, सिडनीला, जानेवारी २०२१ मध्ये ते दिसलं. सीमारेषेवर उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजला आणि जसप्रीत बुमराला काही प्रेक्षकांनी वर्णावरून शिव्या दिल्या. हा सिराज कोण? हैदराबादच्या रिक्षावाल्याचा मुलगा. दौऱ्यावर असतानाच त्याचे वडील गेले होते, तरी तो संघाबरोबर थांबला होता. त्यानं पंचांकडे तक्रार केली. खेळ थांबला. काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. सिराजनंच पुढं सांगितलं, की पंचांनी मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता, पण रहाणे म्हणाला, आम्ही खेळणार. तक्रार तर करायचीच, पण खेळायलाही आलोय ते खेळायचंच. जिंकायला ४०७ धावा हव्या होत्या. पंतच्या ९७ आणि पुजाराच्या ७७ धावांनंतर हनुमा विहारी आणि अश्विन दुखऱ्या अंगानं तासन्‌तास उभे राहिले आणि सामना वाचला.

मग ब्रिस्बेन. गॅबाचं मैदान. हेही हिवाळ्यात फुटबॉलचं. करोनामुळे मेलबर्न बंद होतं, म्हणून आदल्याच ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना इथंच झाला होता. क्रिकेटमध्ये या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलेला नव्हता. आणि आपल्याकडे? शमी, उमेश, जडेजा, बुमरा, अश्विन, विहारी सगळे जायबंदी. जे पाच गोलंदाज उतरले, त्या सगळ्यांच्या मिळून आधीच्या कसोटी होत्या चार. नटराजन सेलम जिल्ह्यातल्या खेड्यातला, शार्दूल ठाकूर पालघरचा. वॉशिंग्टन सुंदर आणि शार्दूल यांनी १२३ धावांची भागीदारी केली. दुसऱ्या डावात सिराजनं पाच गडी बाद केले. शेवटच्या दिवशी, १९ जानेवारीला, गिलनं ९१ धावा केल्या, पुजारानं अंगावर चेंडू झेलले आणि पंतनं नाबाद ८९ धावा करत ३२८ चं लक्ष्य गाठलं. तीन गडी राखून सामना आणि २-१ नं मालिका. ३६ धावांवर कोसळल्याला त्या दिवशी बरोबर एक महिना झाला होता.

रहाणे माटुंग्याच्या घरी परतला तेव्हा ढोलताशे होते आणि एक केक होता. त्यावर साखरेचा कांगारू. रहाणेनं तो कापायला नकार दिला. पुढं त्यानं कारण सांगितलं, की कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, जिंकलो म्हणून समोरच्याचा अपमान करायचा नसतो. पुढच्या वर्षभरात त्याचं उपकर्णधारपद गेलं, मग संघातली जागाही गेली. २०२३ मध्ये तो परतला आणि पुन्हा बाहेर झाला. २०२३-२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईनं रणजी करंडक जिंकला. पण लोकांना विचाराल तर ते गॅबाबरोबर त्या न कापलेल्या केकचीही आठवण सांगतात.

आता तो तिसरा हंगाम. १९७९ साली किम ह्यूजचा ऑस्ट्रेलियन संघ भारतात आला होता. आमच्या प्रवरेकाठच्या गावात रेडिओभोवती गर्दी जमायची. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकूनच आम्ही क्रिकेट शिकलेले. त्याच थंडीत आम्ही गावाचा संघ काढला. बाजरी काढून झालेलं माळरान, काथ्याची मॅटिंग, दोन बॅटी, एकेका पायाला एकेक पॅड. मी यष्टिरक्षक आणि वहीत धावा लिहिणाराही मीच. आम्ही सात सामने खेळलो आणि सहा जिंकलो. त्यांतले निम्मे तरी एका डावखुऱ्या बॉलरनं जिंकून दिले. तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता. गावानं ठेवलेल्या टोपणनावानंच आम्ही त्याला हाक मारायचो आणि मी वहीतही तेच लिहायचो.

शेवटचा सामना शेजारच्या गावी होता. दुपारी देवळाच्या ओवरीत पंगत बसली. आमच्या बॉलरला ताट दिलं ते बाहेर, कडुनिंबाखाली. आम्ही दहा जण आत जेवलो. सगळ्यांनी पाहिलं, कुणी काही बोललं नाही. मीही नाही. जेवण झाल्यावर तो आला आणि त्यानं समोरचा संघ गुंडाळला. ढाल घेऊन आम्ही नाचत गावी आलो. पुढं माझी वही वाळवीनं खाल्ली, आणि ती खाल्ल्याचं मला फार वाईट वाटलं नाही, हेही कबूल करतो. त्या वहीत दुपारच्या पंगतीची नोंद नव्हतीच.

मुलाघची गोष्ट कळल्यावर मी शंभर पानी वही आणली आणि त्याच्याकडे गेलो. तो आता नातवंडांत रमलेला. म्हटलं, “आपला तो हंगाम लिहायला घेतोय. शेवटच्या सामन्यात तुझ्या सहा विकेटी होत्या ना?”

तो म्हणाला, “सहा न्हाई गुरुजी, पाच. एक रनआउट होता. तुम्हीच तर बेल्स पाडल्या.”

थोडा वेळ गेला. मग मी विचारलं, “आणि त्या दिवशीचं जेवण? ते लिहू का?”

तो कडुनिंबाच्या काडीनं दात कोरत बसला होता. म्हणाला, “लिहा की. खरं हाय ते. पण आधी बॉलिंग लिहा.”

तसंच केलं आहे. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत, सगळी आईबापांनी ठेवलेली, आडनावासकट. त्याचं पहिलं आहे. दुसऱ्या पानावर पाच गडी, त्रिफळाचीत किती, झेलबाद किती. पंगत तिसऱ्या पानावर आहे, आणि आत बसलेल्या दहांत माझंही नाव आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)